आपल्या अंगणातले महाविद्यालय : नागसेनवन, हॉवर्ड आणि आजचा प्रश्न

आमच्या हट्ट्याच्या घरात, माजघराच्या भिंतीवर, तीन पदवीपत्रे टांगलेली आहेत. पहिले माझ्या थोरल्या काकांचे, १९५८ सालचे. त्यावर नाव हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाचे. दुसरे माझे, १९८५ सालचे. ते मराठवाडा विद्यापीठाचे. तिसरे माझ्या चुलतभावाचे, २००१ सालचे; त्यावर नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची मोहोर आहे. घर तेच, गाव तेच, विद्यापीठे मात्र तीन. हट्टा जागचे हलले नाही. राज्य बदलले, निजामाचे हैदराबाद जाऊन मुंबई आणि मग महाराष्ट्र आला, १९९९ मध्ये परभणी जिल्ह्यातून हिंगोली वेगळा निघाला, आणि प्रत्येक फेरबदलाबरोबर आमच्या शिक्षणाचा पत्ता बदलत गेला.

पदवीपत्रावर विद्यापीठाचे नाव ठळक असते, महाविद्यालयाचे नसते. म्हणून थोरले काका प्रत्येक पाहुण्याला ते पत्र दाखवून सांगत, “कागद उस्मानियाचा आहे, पण शिकलो मी मिलिंदला.” हे वाक्य मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकले, की त्यात काही विशेष आहे असे मला कधी वाटलेच नाही. गेल्या जून महिन्यात मात्र ते वाक्य माझ्यापुढे प्रश्न होऊन उभे राहिले.

काकांची नात, म्हणजे त्याच चुलतभावाची मुलगी, बारावी झाली. गुण चांगले पडले. पुण्याच्या एका नामांकित महाविद्यालयात प्रवेश मिळेल अशी स्थिती होती. घरातल्या थोरामोठ्यांचे म्हणणे पडले, की आजोबा जिथे शिकले तिथे पोरीने जावे. ओट्यावर बैठक बसली, आणि इतिहासाचा निवृत्त प्राध्यापक म्हणून माझे मत विचारले गेले. मी मिलिंदविषयी नेहमीप्रमाणे भरभरून बोललो. पोरीने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “काका, मग तुम्ही दादाला का नाही पाठवलं तिकडं?”

दादा म्हणजे माझा मुलगा. त्याला मी पुण्याला पाठवले होते. मला उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराचा शोध आहे. तो घेताना मला औरंगाबादच्या नागसेनवनापासून अमेरिकेच्या वॉशिंग्टन शहरापर्यंत जावे लागले, कारण हाच प्रश्न तिकडची कृष्णवर्णीय कुटुंबे गेली साठ-सत्तर वर्षे आपल्या घरात एकमेकांना विचारत आहेत.

वसतिगृहाकडून महाविद्यालयाकडे

महाराष्ट्रात ज्यांना शिक्षण नाकारले गेले होते त्यांच्या शिक्षणाचा इतिहास प्रथम शाळेचा आणि नंतर वसतिगृहाचा आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ पासून पुण्यात मुलींसाठी आणि पाठोपाठ महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढल्या. याच जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या लोकांना अर्पण केला होता, हे येथे लक्षात ठेवावे. आपल्याकडच्या जातीचा प्रश्न आणि तिकडच्या वर्णाचा प्रश्न शेजारी ठेवून पाहण्याची मराठी परंपरा दीडशे वर्षांची आहे.

पुढे १९०१ पासून शाहू महाराजांनी कोल्हापुरात निरनिराळ्या जातींची वसतिगृहे उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि साताऱ्याच्या बोर्डिंगात सर्व जातींची मुले एका पंगतीला बसवली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापली, तेव्हा तिच्या पहिल्या कामांपैकी एक सोलापूरचे वसतिगृहच होते. या सर्व प्रयत्नांमागचा हिशेब एकच होता. शाळा-कॉलेजे सरकारची किंवा दुसऱ्यांची आहेत, ती आपल्याला बांधता येणार नाहीत. निदान राहण्या-जेवण्याची सोय करू, म्हणजे आपला मुलगा त्यांच्या दारापर्यंत पोचेल.

दाराच्या आत काय होते, हे बाबासाहेबांइतके कोणाला ठाऊक असणार? १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तेव्हा तिथल्या काही सहकाऱ्यांनी त्यांनी प्राध्यापकांच्या खोलीतल्या माठाचे पाणी पिण्याला हरकत घेतली होती. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या, त्याच संस्थेत शिकवणाऱ्या माणसाची ही गत. प्रवेश मिळाला, नेमणूक मिळाली, पाणी मिळाले नाही.

८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, या घटनांकडे या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. वसतिगृहावर न थांबता महाविद्यालयच आपले असावे, ही झेप होती. दिवसा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून सिद्धार्थचे वर्ग सकाळी भरत. मिल, गोदी, कचेऱ्या यांतून काम करणारी मुले पहाटेच्या लोकलने फोर्टात येत आणि तास संपवून कामावर जात. महाविद्यालयाने विद्यार्थ्याच्या पोटाचे वेळापत्रक आधी पाहिले आणि मग आपले घंटापत्रक लावले.

सिद्धार्थ सुरू झाले त्याच उन्हाळ्यात बाबासाहेबांनी अमेरिकेतील विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना एक पत्र पाठवले. कृष्णवर्णीयांच्या संघटनेने संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती. अस्पृश्यांची आणि अमेरिकेतल्या निग्रोंची स्थिती यांत मोठे साम्य आहे, असा त्या पत्राचा आशय होता. ड्यू बॉइस यांचे उत्तर ३१ जुलै १९४६ चे आहे. हे ड्यू बॉइस स्वतः फिस्क या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयाचे विद्यार्थी. पत्रात महाविद्यालयांचा विषय नव्हता. तरीही आपापल्या समाजाच्या उच्च शिक्षणाला आयुष्य वाहिलेली दोन माणसे त्या वर्षी एकमेकांशी बोलत होती, हे नोंदवण्यासारखे आहे.

मराठवाड्यातले दार

आता आमच्याकडे येऊ. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईने निजामी राजवट संपली, तेव्हा मराठवाड्यात उच्च शिक्षणाची अवस्था अशी होती, की औरंगाबादचे इंटरमीजिएट कॉलेज ओलांडले की पुढच्या पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागे. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू. १९५१ च्या जनगणनेत संपूर्ण हैदराबाद राज्याची साक्षरता दहा टक्क्यांच्याही खाली होती. त्यात दलितांचा वाटा किती असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

अशा प्रदेशात जून १९५० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेने पीपल्स कॉलेज निघाले. मराठवाड्याच्या उच्च शिक्षणाची खरी पहाट ही दोन महाविद्यालये. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते औरंगाबादच्या इमारतीची कोनशिला बसली. महाविद्यालय पुढे ‘मिलिंद’ म्हणून आणि त्याचा परिसर ‘नागसेनवन’ म्हणून ओळखला जाऊ लागला.

या दोन नावांवर थोडे थांबले पाहिजे. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर आणि नागसेन हा बौद्ध भिक्षू. राजाने शंका विचारायच्या, भिक्षूने त्यांचे निरसन करायचे, असा त्यांचा संवाद ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात आहे. बाबासाहेबांनी महाविद्यालयाला उत्तर देणाऱ्याचे नाव दिले नाही, प्रश्न विचारणाऱ्याचे दिले. उत्तर देणाऱ्याचे नाव त्यांनी भोवतालच्या रानाला दिले. प्रश्न विचारण्याची ज्यांना हजारो वर्षे बंदी होती त्यांच्या मुलांनी ज्या इमारतीत शिरायचे, तिच्यावर प्रश्नकर्त्याचे नाव असावे, यातला अर्थ मला वयाच्या पन्नाशीनंतर उमगला.

आणखी एक गोष्ट. हे महाविद्यालय फक्त दलितांसाठी नव्हते. सिद्धार्थही नव्हते. दार सर्वांना उघडे होते, विद्यार्थी सर्व जातिधर्मांचे होते. मिलिंदचे पहिले प्राचार्य म. भि. चिटणीस जन्माने दलित नव्हते. या बाबतीत बाबासाहेबांची महाविद्यालये अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांपेक्षा मुळापासून निराळी आहेत. तिकडची बहुतेक महाविद्यालये गोऱ्यांनी दार बंद केले म्हणून निघाली. इकडे बंद दारासमोर नवे घर बांधले गेले, पण त्याला दार लावताना कोणाला आत घ्यायचे नाही याचा विचारच केला गेला नाही.

थोरले काका १९५४ मध्ये तिथे गेले. हट्ट्याहून परभणीपर्यंत बैलगाडी, तिथून छोट्या लाइनीच्या गाडीने औरंगाबाद. सोबत पत्र्याची पेटी, तिच्यात दोन सदरे आणि ज्वारीच्या भाकरी. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती होती. ती बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना, १९४४ मध्ये सुरू झालेली. वसतिगृह होते. काकांना बुजायला झाले ते वेगळ्याच गोष्टीने. ते सांगत, “पहिल्या दिवशी पाण्याच्या टाकीजवळ गेलो अन् सवयीनं बाजूला उभा राहिलो, कोणी तरी वरून ओतंल म्हणून. मागून एक बामणाचं पोरगं आलं. म्हणलं, घे ना, थांबलास कशाला? मला माझ्यामागं घ्यायचंय.”

हा प्रसंग काका हसत सांगत. मला आता वाटते, मिलिंदचे सारे मर्म त्यात आहे. तिथे ब्राह्मणाचे पोर रांगेत मागे उभे होते आणि टाकी कोणाची, असा प्रश्नच नव्हता. टाकी संस्थेची होती आणि संस्था ‘आपली’ होती. इतरत्र प्रवेश मिळालेला दलित विद्यार्थी फार तर पाहुणा असे. नागसेनवनात तो यजमान होता. पाहुण्याला कितीही मानाने वागवले तरी तो आवाज खाली ठेवून बोलतो. यजमान मोठ्याने बोलतो, भांडतो, चुकतो, नाटक करतो.

नाटक शब्दशः. प्राचार्य चिटणिसांनीच लिहिलेले ‘युगयात्रा’ हे नाटक मिलिंदच्या विद्यार्थ्यांनी केले आणि ते दलित रंगभूमीच्या आरंभाच्या नाटकांपैकी एक मानले जाते. पुढे प्राचार्य म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले आणि त्यांनी तिथल्या कृष्णवर्णीय लेखकांची ओळख इथल्या तरुणांना करून दिली. मिलिंदमध्येच शिकवणाऱ्या गंगाधर पानतावण्यांनी ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक काढले आणि ते जवळपास पन्नास वर्षे चालवले. ‘मराठवाडा’च्या १९६९ च्या दिवाळी अंकात दलित साहित्यावर जी चर्चा झडली, तिच्यामागेही नागसेनवनातली ही घुसळण होती. मुंबईत १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली, तिचे नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेले, आणि तिच्या तरुणांचा एक अड्डा वडाळ्याचे सिद्धार्थ विहार वसतिगृह होते. वर्गात जे शिकवले गेले त्यापेक्षा वसतिगृहाच्या कट्ट्यावर जे बोलले गेले त्याने मराठी साहित्य बदलले, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

हॉवर्डची गोष्ट

अमेरिकेत यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले आणि गुलामगिरी गेली. पुढच्या दोनच वर्षांत फिस्क, हॉवर्ड, मोअरहाउस ही महाविद्यालये निघाली. त्याआधीही पेनसिल्व्हेनियात १८३७ पासून एक संस्था होती. १८८१ मध्ये बुकर टी. वॉशिंग्टन यांनी अलाबामात टस्कीगी उभारले. तिथे विद्यार्थ्यांनी स्वतः विटा भाजून इमारती बांधल्या. १८९० च्या केंद्रीय कायद्याने राज्यांना बजावले, की शेतकी व तंत्रशिक्षणाच्या अनुदानासाठी एक तर कृष्णवर्णीयांना सर्वसामान्य महाविद्यालयात घ्या, नाही तर त्यांच्यासाठी वेगळे काढा. दक्षिणेकडच्या राज्यांनी वेगळे काढणे पत्करले. १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्याने १९६४ पूर्वी स्थापन झालेल्या अशा संस्थांना अधिकृत ओळख दिली. आज त्यांची संख्या शंभरच्या आसपास आहे.

या महाविद्यालयांचे सर्वांत विलक्षण फळ म्हणजे थरगुड मार्शल. आपल्या राज्यातल्या, मेरीलँडच्या, विधी महाविद्यालयाचे दार कृष्णवर्णीयांना बंद होते. म्हणून मार्शल हॉवर्डला गेले, १९३३ मध्ये वकील झाले, आणि थोड्याच वर्षांत त्याच मेरीलँडच्या महाविद्यालयाविरुद्ध दुसऱ्या एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याचा दावा लढवून त्यांनी ते दार उघडायला लावले. १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला, त्या खटल्याचे मुख्य वकीलही तेच. वेगळ्या महाविद्यालयाने असा माणूस घडवला, ज्याने वेगळेपणाचा कायदाच मोडून काढला.

आणि इथूनच त्या महाविद्यालयांची परीक्षा सुरू झाली. गोऱ्यांची विद्यापीठे खुली झाली, तसे हुशार विद्यार्थी तिकडे जाऊ लागले. हार्वर्ड मिळत असेल तर हॉवर्ड कशाला, असे आईबाप म्हणू लागले. पैसाही तोकडा होता. २०२३ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने सोळा राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रे लिहिली. तीन दशकांत या राज्यांनी कृष्णवर्णीयांच्या शेतकी विद्यापीठांना हक्काचे बारा अब्ज डॉलरहून अधिक कमी दिले, असा त्यांत हिशेब होता. एका हाताने दार उघडायचे आणि दुसऱ्या हाताने जुन्या घराचे वासे काढून घ्यायचे, असा हा प्रकार.

तरीही ती संपली नाहीत. देशातल्या महाविद्यालयांत त्यांचे प्रमाण जेमतेम तीन टक्के, पण देशातल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी दहातला एक आजही तिथे शिकतो आणि पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्यांत त्यांचा वाटा त्याहून मोठा असतो. तिथे आता सुमारे एक चतुर्थांश विद्यार्थी इतर वर्णांचे आहेत. म्हणजे सत्तर-ऐंशी वर्षांनी ती महाविद्यालये बाबासाहेबांच्या नमुन्याकडे आली, असे म्हणता येईल: घर आपले, दार सर्वांना. २९ जून २०२३ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वर्ण विचारात घेण्याची पद्धत बंद केली, तेव्हा या महाविद्यालयांकडे लोकांचे लक्ष पुन्हा वळले. दुसऱ्याच्या घराचे दार उघडे राहील याची हमी नसते, हे त्या निकालाने दाखवून दिले.

नाव आणि घर

आपल्याकडे दार घटनेने उघडले. राखीव जागांमुळे आज आमच्या हट्ट्याची मुलगी देशातल्या कोणत्याही सरकारी संस्थेत जाऊ शकते. १९५४ मध्ये काकांपुढे एकच वाट होती, तिच्यापुढे दहा आहेत. तेव्हा मिलिंद, सिद्धार्थ यांचे काम संपले का?

या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिलिंदच्याच एका विद्यार्थ्याने दिले आहे. सुखदेव थोरात नागसेनवनात शिकले, अर्थशास्त्रज्ञ झाले आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना भेदभावाने वागवले जाते, या तक्रारींच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीचे ते प्रमुख होते. २००७ च्या त्या अहवालाने वसतिगृहापासून परीक्षेपर्यंतच्या भेदभावाची नोंद केली. जानेवारी २०१६ मध्ये हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात रोहित वेमुला या संशोधक विद्यार्थ्याने जीवन संपवले, २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी गेली, आणि देशाला तोच प्रश्न पुन्हा विचारावा लागला. दारातून आत घेणे आणि घरात सामावून घेणे या दोन गोष्टी आहेत. पहिली कायद्याने होते. दुसरीसाठी कायदा पुरत नाही.

नाव देण्याचीच गोष्ट घ्या. मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी सुरू झाले, ते नागसेनवनापासून फार दूर नाही. त्याला बाबासाहेबांचे नाव द्यावे असा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला आणि मराठवाडा पेटला. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे मारले गेले. गावोगाव दलित वस्त्या जळाल्या. मी तेव्हा शाळेत होतो. त्या ऑगस्टच्या कित्येक रात्री आईने आम्हा पोरांना घरात झोपू दिले नाही. ज्वारीच्या रानात, धुऱ्याच्या कडेला, घोंगडीवर आम्ही झोपत असू. थोरले काका तेव्हा तहसीलला नोकरीत होते. ते म्हणाले, “मिलिंदला नाव द्यायला कुणाला विचारावं लागलं नाही. आपलं घर होतं. दुसऱ्याच्या दारावर आपली पाटी लावायची म्हणलं तर बघा किती माणसं मरतात.” सोळा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ रोजी, नामविस्तार झाला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडचे वेगळे विद्यापीठ निघाले आणि हट्टा त्याच्या कक्षेत गेले. त्याचे पहिले कुलगुरू जनार्दन वाघमारे हे अमेरिकेतल्या निग्रो साहित्याचे मराठीतले जाणते अभ्यासक होते, हा योगायोग मला नेहमी सुखावतो.

काकांचे आणखी एक बोलणे आठवते. आमच्या गावाहून जवळा बाजारमार्गे औंढ्याला जाता येते. तिथल्या नागनाथाच्या देवळाची कथा सर्वांना ठाऊक आहे. नामदेवांना देवळासमोर कीर्तन करू दिले नाही. ते मागे जाऊन उभे राहिले आणि देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरले. काका म्हणत, “नामदेव महाराजांसाठी फिरलं असंल. आपल्यासाठी फिरायची वाट कुठवर बघायची? बाबासाहेबांनी दुसरं बांधलं.”

माझे उत्तर

आता माझ्या स्वतःच्या प्रश्नाकडे येतो. मी माझ्या मुलाला मिलिंदला का पाठवले नाही?

खरे कारण सोपे आहे. मला वाटले, पुण्याच्या नावाने त्याला नोकरी लवकर लागेल. १९८३ पासून महाराष्ट्रात विनाअनुदानित महाविद्यालयांचे पर्व आले आणि शिक्षणाची प्रतवारी फीवर होऊ लागली. जुनी अनुदानित महाविद्यालये, मग ती कोणाचीही असोत, रिक्त पदे आणि तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक यांवर कशीबशी चालू लागली. मी स्वतः अशाच एका महाविद्यालयात नोकरी केली. निवृत्त होताना माझ्या विभागात पूर्णवेळ मीच एकटा होतो. मुलाचे भवितव्य अशा ठिकाणी पणाला लावण्याची माझी तयारी नव्हती. भाषण करताना मी नागसेनवनाचे गोडवे गायलो आणि अर्ज भरताना पुणे लिहिले. माझ्यासारख्या नोकरदार दलित बापांनी हजारोंच्या संख्येने हेच केले. अमेरिकेतल्या शिकलेल्या कृष्णवर्णीय आईबापांनीही हेच केले होते. त्यात कोणाला दोष देण्यासारखे नाही. आपल्या लेकरासाठी चांगले शोधणे हा गुन्हा नाही. पण ज्या संस्थेने आपल्याला यजमान केले, तिच्या ओसरीवर आपण पुढे पाहुण्यासारखे, वर्षातून एकदा, जयंतीच्या दिवशी, येऊ लागलो. घर ओस पडते ते असे.

मुलगा पुण्यात शिकला, नोकरीला लागला. पहिल्या वर्षी सुटीत घरी आला, तेव्हा आडनावाऐवजी वडिलांचे नाव लावू लागला होता. कारण विचारले, तर म्हणाला, “सोपं पडतं.” मी पुढे काही विचारले नाही. विचारायला हवे होते.

तेव्हा या महाविद्यालयांचे आजचे काम कोणते, या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे. प्रवेश देणे हे त्यांचे काम आता राहिलेले नाही. ते इतरांनी करावे आणि ते करतात की नाही यावर आपण लक्ष ठेवावे. आडनाव न लपवता शिकता येईल, रांगेत सवयीने बाजूला उभे राहावे लागणार नाही, अशी जागा असणे हे त्यांचे काम. पण तेवढ्याने भागत नाही. ती जागा उत्तम शिकवणारीही असली पाहिजे. हॉवर्डने मार्शल घडवला तो केवळ आपलेपणाच्या बळावर नव्हे. तिथल्या विधी शाखेचे प्रमुख चार्ल्स ह्यूस्टन अत्यंत कडक होते आणि त्यांनी अभ्यासक्रम असा काही कसला, की तिथला पदवीधर कोणत्याही न्यायालयात उभा राहू शकेल. मिलिंदच्या पहिल्या दोन दशकांतही ओढ होती ती माया आणि शिस्त या दोन्हींची. त्यातली माया आपण भाषणांतून जपली. शिस्तीला लागतात प्राध्यापक, ग्रंथालय, प्रयोगशाळा, वेळेवर मिळणारी शिष्यवृत्ती. ती जपायला पैसा आणि माणसे लागतात. सरकारकडून ती हक्काने मागावी लागतात आणि जे शिकून मोठे झाले त्यांनी आपल्या पदरचीही द्यावी लागतात.

जूनच्या अखेरीस मी पोरीला घेऊन औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, गेलो. नागसेनवनातली झाडे पावसाने धुऊन निघाली होती. काका जिथे राहत तो भाग मी तिला दाखवला. पाण्याच्या टाकीची गोष्ट पुन्हा सांगितली. ती तिला पाठ होती. परतताना, परभणीच्या गाडीत, ती म्हणाली, “काका, आपली माणसं आहेत म्हणून यायचं, की चांगलं शिकवतात म्हणून? आजोबांना दोन्ही एकाच ठिकाणी मिळालं. मला त्यातलं एक निवडा म्हणताय.”

तिने पुण्याचा अर्ज मागे घेतला नाही आणि औरंगाबादचाही भरून ठेवला. दोन्हीकडच्या याद्या लागेपर्यंत घरात कोणी त्यावर बोलले नाही. शेवटी ती कुठे गेली, हे मी मुद्दाम लिहीत नाही. ते लिहिले की वाचक तिच्या निवडीला कौल समजतील. कौल द्यायचा आहे तो आम्हा थोरल्यांना. मी माझ्या निवृत्तिवेतनातून दरवर्षी नागसेनवनातल्या एका मुलीच्या खानावळीचा खर्च उचलायचे ठरवले आहे. रक्कम मोठी नाही. पण यंदा पहिल्यांदाच, काकांची ती ओळ उच्चारताना, मला खाली बघावे लागले नाही.